बर्फासाठी साखळ्या

सुनंदा असतानाची गोष्ट. रविवारी सकाळी दुबईतल्या अल कुसैसच्या घरात ती पोहे परतत होती, तेवढ्यात कॅनडाहून आमच्या लेकीचा, मुग्धाचा फोन आला. तिची गाडी बर्फावरून घसरली होती. तिला लागलं नव्हतं.

सुनंदा म्हणाली, "टायरमधली थोडी हवा काढ." इथे वाळूत आपण तेच करतो ना.

"आई, धिस इज आइस, नॉट डेझर्ट. चाकांना साखळ्या लावतात."

"मग मी आणते. दुबईत काय मिळत नाही?"

संध्याकाळी आम्ही टायरच्या दुकानात. मलबारी दुकानदार हसला, "मॅडम, इधर बर्फ सिर्फ मॉल में है, स्कीइंग के लिए."

"मेरी बेटी मॉल में गाडी नहीं चलाती."

त्याने मोबाइलवर दोन प्रकार दाखवले, लोखंडी साखळ्या आणि कापडी कव्हर. मी म्हटलं, "कापडी घे, बॅगेत वजन होणार नाही."

"बर्फावर मोजे घालून कोण चालतं? लोखंडीच मागवा. डिसेंबरात आपण दोघं जाऊन लावून देऊ."

साखळ्या येण्याआधीच सुनंदा गेली. खोकं माझ्या गाडीच्या डिकीत आहे. मुग्धा दर हिवाळ्यात विचारते, "बाबा, कधी येताय?"

मी अजून तिकीट काढलेलं नाही.