आबांच्या उशाशी काय ठेवायचं

प्रतिक्षा : ज्या माणसाला बोलता येत नाही, त्याला तू बोलून चालवायचं यंत्र आणलंस, दादा. दुकानदारानं विचारलं नाही का, कुणासाठी पाहिजे म्हणून?

मल्हार : इचारलं की. म्हणलं, वडलांच्या अंगावरनं वारं गेलंय, पडून असत्यात, ओव्या ऐकायला लागत्यात. त्यानं स्पीकर दिला. तू बी नागपूरवरनं एक घिऊन येणार हायस ह्ये मला काय सपान पडलं हुतं? एक फोन तरी करायचा.

प्रतिक्षा : केला होता. तू उचलला नाहीस.

मल्हार : उसाला पाण्याची दारं धरत हुतो मी.

प्रतिक्षा : तेच म्हणते मी. तू रानात, आई गोठ्यात, आबांचा उजवा हात चालत नाही. फोन वाजून वाजून बंद होतो. मी तिकडं बँकेत बसून नुसती विचारत राहते, आबा कसे आहेत, आणि तुम्ही सांगता, बरे हायत. म्हणून हे स्क्रीनवालं आणलं. मी नागपुरातून लावलं की आपोआप सुरू होतं, उचलायला कुणी नको. मला आबा दिसतील, आबांना मी दिसेन.

मल्हार : आपोआप तर ह्यो स्पीकर बी सुरू हुतोय. आन् दिसलीस की सकाळी. काय झालं मग?

भागूबाई : गप बसा बरं दोघं. चादर तोंडावर घेतली म्हंजी कान झाकलं व्हय त्यांनी?

प्रतिक्षा : पण आई, माझं चुकलं काय? ते आबांसमोर ठेवून मी ओसरीवरनं नुसतं लावून दाखवत होते. आबांनी बघितलं आणि एकदम चादर वर ओढली. लेकीकडं बघायलासुद्धा तयार नाहीत.

भागूबाई : तुझ्याकडं कुठं बघितलं त्यांनी? त्या काचंत खाली कोपऱ्यात कोण हुतं?

प्रतिक्षा : कोपऱ्यात? आबाच. आपला चेहरा आपल्यालाही दिसतो त्यात.

भागूबाई : आता त्या खिळ्याकडं बघ. तितं काय असायचं?

प्रतिक्षा : आरसा.

भागूबाई : दवाखान्यातनं त्यांना आणायच्या आदी मीच काढला, पेटीत ठिवला. तोंड वाकडं झालंय ह्ये कळतंय त्यांना, पर बघितलं नव्हतं. मल्हार दाढी करतो, ती बी बिनआरशाची. पाव्हणं आलं की भितीकडं तोंड करून पडत्यात. आन् तू नेऊन म्होरंच धरलंस.

प्रतिक्षा : मला कुणी सांगायचं तरी.

मल्हार : काय काय सांगू तुला? दोन दिस यायचं, आन् ह्ये का केलं, त्ये का न्हाय केलं. हितं रोजचं आमालाच बघाय लागतंय.

प्रतिक्षा : मी काय हौसेनं राहते तिकडं? बदली मागून मागून थकले. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावते, आबांचंच काही असेल म्हणून. बरं, त्या कोपऱ्यावर मी कागद चिकटवते. त्यांचं त्यांना नाही दिसणार.

भागूबाई : त्यांना न्हाय दिसलं, पर तुला दिसंलच की. लेकीला दिसू ने म्हणूनच तर चादर हाय.

प्रतिक्षा : मग तुमचा स्पीकर ठेवून मी काय करू? मी बोलणार, आबा गप्प. खोलीत माणूस आहे की नाही तेही कळायचं नाही मला.

मल्हार : आगदीच गप न्हायत. दारातली शेरडं सुटली की अजून जिभंनं टक् टक् करत्यात. बराबर माघारी येत्यात.

प्रतिक्षा : लहानपणी मलाही तसंच बोलवायचे. मेंढरांमागं रेंगाळले की नावानं हाक म्हणून नाही, टक् टक्. रडायचे मी, मी काय मेंढरू हाय का म्हणून. आता तेवढ्यावर नागपुरात दिवस काढू का?

मल्हार : हे बघ, तुला नागपूरच्या गाडीसाठी बारामतीला सोडाय निघायचंच हाय. स्पीकर माघारी द्यायचा तर वाटंत दिऊ. न्हायतर तुझं स्क्रीनवालं तू घिऊन जा. पर आदी येकदा लावून तर बघ. नुसतीच तणतण करतीस.

(प्रतिक्षा फोन घेऊन अंगणात लिंबाखाली जाते. आता तिचा आवाज आबांच्या उशाशी ठेवलेल्या स्पीकरमधून.)

प्रतिक्षा : आबा, मी बोलतेय. येतंय का ऐकू? यात स्क्रीन नाही, आबा. मला काही दिसत नाही, खरंच. ... दादा, बघ. काहीच नाही. हेच म्हणत होते मी.

भागूबाई : वाईच दम धर की.

प्रतिक्षा : आबा, मी निघते आता. सकाळी ते तुमच्यासमोर धरायला नको होतं. मला ठाऊक नव्हतं. रागावला असाल तर रागवा, पण असं तोंड फिरवून नका बसू. लांब असते मी.

आबा : टक्. ... टक् टक्.

भागूबाई : ऐकलंस का पोरी?

प्रतिक्षा : ऐकलं. ... मी काय मेंढरू हाय का, आबा?

आबा : टक् टक्. टक्.

प्रतिक्षा : आले. हितंच हाय मी. ... दादा, काय करतायत रे ते?

मल्हार : तुला दिसत न्हाय म्हणून सांगतो. तोंडावरची चादर काढली त्यांनी.