पाहुण्यांच्या जेवणाची कनात

कार्यक्रम कसा पार पाडायचा याचेही आता वर्ग भरतात असं तुम्ही म्हणालात, म्हणून सांगते. चामोर्शीला आमच्या बचत गटांचा मेळावा होता. व्यवस्था पाहायला नागपूरचे एक साहेब नेमले होते. मंच, माईक, हारतुरे सगळं झकास होतं. पण सकाळपासून ट्रॅक्टरने आणून बसवलेल्या बायांना लघवीला जायची सोयच नव्हती. चहूकडे धान कापलेल्या उघड्या बांध्या, एक झुडूपही नाही.

आमच्या गटातली सुमन गरोदर होती. उन्हात तिचं तोंड सुकलेलं. मी पाण्याचा गिलास पुढे केला तर म्हणाली, "नको बाई. पाणी पेली तं जाऊ कुठी?"

मी साहेबांना गाठलं. ते म्हणाले, "खेड्यातल्या बायांना सवय असते हो. पाहुण्यांचं भाषण होऊ द्या, मग बघू."

माझं डोकंच फिरलं. मंचामागे पाहुण्यांच्या जेवणाच्या जागेभोवती कापडी कनात लावली होती. मी सरळ तिच्या दोऱ्या सोडायला लागले.

मंडपवाला म्हणाला, "काऊन सोडून राह्यल्या, बाई?"

"बायाईसाठी. धर तिकडून."

आम्ही ती कनात नेऊन दूरच्या बांधाजवळ उभी केली. सुमन आधी उठली, मग तिच्यामागे सगळ्याच उठल्या. भाषण करणारे पाहुणे रिकाम्या सतरंज्यांकडे पाहत राहिले.

साहेब धावत आले. "अहो, आता पाहुणे काय उघड्यावर जेवतील?"

"जेवतीन नं साहेब," मी म्हटलं. "जेवाले आडोसा नाई लागत."