खळीचा पडदा

(बाल्कनीत दोरी बांधलेली. सून नाकातोंडाला रुमाल बांधून जुन्या पेटीतले कपडे बाहेर काढते आहे. सासू दारात उभी.)

सून : तुम्ही आत व्हा बघू, आई. हा बुरा नाकात गेला तर छकुलीच्या जोडीला तुम्हीही खोकत बसाल. मी एकटी कुणाकुणाला वाफ देत फिरू?

सासू : मला काही होत नाही. असल्या वासात जन्म गेलाय माझा. तो निळा पडदा तेवढा इकडे दे.

सून : हा? अहो, याला पडदा म्हणायचं? वास बघा त्याचा. नको, बघू नका, डोकं उठेल.

सासू : दे म्हटलं ना.

सून : भिंतीतला नळ गळत होता आणि पेटी नेमकी त्याच भिंतीला टेकलेली. सगळी ओल यानंच प्यायलीय. चादरी, अभ्रे मी सोडा घालून गरम पाण्यात बुडवलेत, ते निघतील. याचं काही खरं नाही. हा सरळ फेकायचा.

सासू : फेकायचा नाही.

सून : आई, डॉक्टरीणबाई तुमच्यासमोरच म्हणाल्या ना? घरात कुबट वासाची चिंधीसुद्धा ठेवू नका. पोरीची छाती रात्री कशी घरघरते, ते तुम्ही ऐकता. तुम्हीच तर मांडीवर घेऊन बसता तिला.

सासू : ऐकते गं. काळजाचं पाणी होतं माझ्या. पण हा दुकानाचा पडदा आहे. तुझे सासरे पुढच्या खोलीत पुस्तकं बांधायचे, मागे माझा स्वयंपाक, आणि मधे हा. दुकानातलं बाकी सगळं गेलं. हा एवढाच उरलाय.

सून : मग इतकी वर्षं धुतला का नाहीत?

सासू : ते गेले, मी पडदा काढला, घडी केली नि पेटीत ठेवला. तेव्हा त्यावर काही नव्हतं. एका जागी हाताला जरा कडक लागायचा, एवढंच. एकदा दोरीवर टाक, बाई. बघू दे मला. मग बोल काय बोलायचं ते.

सून : टाकते. पण लांबूनच बघायचं. झटकायचा नाही, सांगून ठेवते. झटकला की बुरा सगळ्या घरभर होतो... हं. घ्या, टाकला. बघा, जागा म्हणून सोडली नाहीये त्यानं.

सासू : सगळीकडे कुठे आहे? वर कोरा आहे. खाली कोरा आहे.

सून : हो, कडेलाच आलाय. मधे नाही. आई...

सासू : काय गं?

सून : जरा इकडे, माझ्या शेजारी या. उजेड मागून येतोय ना, तिथून बघा. मला जे दिसतंय ते तुम्हालाही दिसतंय का, तेवढं सांगा. मी काही बोलत नाही.

सासू : अगं बाई.

सून : हात आहे ना तो?

सासू : हात आहे.

सून : पाची बोटं. तळव्याचा फुगीर भाग. अहो, कुणी रंगात बुडवून उमटवला तरी इतका नीट येणार नाही! पण हे एक बोट असं अर्धंच का?

सासू : कारण ते अर्धंच होतं. कागद कापायच्या यंत्राखाली गेलं होतं, लग्नाच्याही आधी. मला बघायला आले तेव्हा हात खिशात घालून बसले होते. चहा घेताना बाहेर काढावाच लागला.

सून : म्हणजे हे... बाबांचा हात आहे हा.

सासू : उजव्या हातात खळीचा ब्रश. मग पडदा सारायचा तो डाव्या हातानं, आणि त्यालाही खळ लागलेलीच. रोज त्याच जागी. "ऐकलंस का, चहा टाक," म्हणायचे, की पहिल्यांदा हा हात यायचा आत. मग डोकं. मी ओरडायची, पडदा खराब करता म्हणून. पिठाची खळ ती, वाळली की दिसायची नाही. मग ओरडायचं तरी कशाच्या जोरावर?

सून : आणि बुरशीला ती सापडली. इतक्या वर्षांनी! आपण माणसं बघून बघून थकलो असतो, आणि ती बरोब्बर तेवढीच जागा शोधून उगवलीय. बोटाच्या पेरापेरापर्यंत. मला खरंच समजत नाही आई, याला घाण म्हणायचं की काय म्हणायचं.

सासू : मी रोज त्यांचा फोटो पुसते. त्या फोटोत ते असे बसलेत, जशी काही कुणी चोरी पकडलीय. हे त्या फोटोत नाहीत गं. हे इथं आहेत.

सून : थांबा, मोबाइलवर काढते... छे. यात नुसते डाग दिसतायत. पुन्हा काढते. नाही येत हो. उजेडापुढं डोळ्यांनीच दिसतंय ते.

सासू : तुझ्या नवऱ्याला येऊ दे. त्याला दाखवू, मग बघू.

सून : त्याचं लिफ्ट दुरुस्तीचं काम संपलं, निघालाय. येईलच इतक्यात. छकुलीला मी तोवर आतच ठेवते, दार लावून. आणि आई, हे खाली काय आहे? हाताच्या खाली, बरंच खाली. माझ्या गुडघ्याच्या जरा वर.

सासू : कुठे?

सून : हे काय. पुसटसं. लहान आहे. एक, दोन... एकावर एक पुष्कळ आहेत. अहो, ही तर इवलीशी बोटं आहेत!

सासू : तो आहे. तो, तुझा नवरा. बाप पडदा सारायचा तसा हाही सारायचा. बापाच्या मागून. बापासारखाच डाव्या हातानं, उजव्यात काही नसताना!

मुलगा : कोण मी? काय केलं आता मी? दारातूनच नाव ऐकू येतंय माझं.

सून : चप्पल काढ आणि इकडे ये. काही विचारू नकोस. इथं उभा राहा. उजेडाकडं बघ.

मुलगा : हा वास कसला... अरे.

सासू : दिसलं?

मुलगा : हे बाबा आहेत?

सासू : हो रे.

मुलगा : बोट तुटकं आहे. तू सांगायचीस, मी हो हो म्हणायचो. मला खरं तर काहीच आठवत नाही, आई. तुला वाईट वाटेल म्हणून मी आठवल्यासारखं करायचो.

सासू : ते मला माहीत होतं.

मुलगा : आणि खालचा मी? एवढासा?

सासू : एवढासा, आणि उपद्व्याप डोंगराएवढे. दिवसभर दुकानात. आणि खळ खायचास.

सून : खायचा?

सासू : चाटून चाटून! गोडसर लागते ना ती. खरं तर खळीत मोरचूद घालायचं असतं. विष ते. ते घातलं की कसर लागत नाही, बुरशी येत नाही, पुस्तक वर्षानुवर्षं टिकतं. त्यांच्या वडिलांपासूनची रीत. याची बोटं तोंडात दिसली, त्याच दिवशी त्यांनी मोरचुदाची पुडी उचलली आणि टाकून आले. मला म्हणाले, आजपासून नुसतं पीठ शिजवायचं.

मुलगा : मला आत डांबून ठेवायचं होतं ना! पुस्तकांचं काय?

सासू : पुस्तकांचं व्हायचं ते झालं. पावसाळ्यात बुरा आला. गिऱ्हाइकं यायची, पुस्तकं टेबलावर आपटायची. बाइंडर म्हणवतोस आणि खळ करता येत नाही, असं तोंडावर बोलायची. हे मान खाली घालून म्हणायचे, यंदा हवा फार दमट आहे. मी म्हटलं, खरं काय ते सांगून टाका की. तर म्हणाले, पोर दुकानात बसतं ते मला आवडतं, हे कशाला सांगत बसू लोकांना.

सून : म्हणजे मोरचूद घातलं असतं, तर ही बुरशी आलीच नसती.

सासू : आली नसती.

मुलगा : हा हातही दिसला नसता.

सासू : नसता दिसला.

सून : मी आता फेक म्हणणार नाही, आई. माझी जीभच उचलत नाही. पिशवीत बंद करून, घट्ट गाठ मारून माळ्यावर ठेवू का? काचेत घालून मिळेल का कुठे?

सासू : आत कोण खोकतंय?

सून : उठली वाटतं.

सासू : ऐक, कशी ओढतेय श्वास. बापानं पोरापायी सगळ्या गावाचं ऐकून घेतलं, आणि मी त्यांचा हात म्हणून पोरीच्या छातीवर बुरशी ठेवू? त्यांनी मला उभं केलं नसतं दारात. धुवा. आजच, ऊन आहे तोवर.

मुलगा : मी धुतो.

सून : तू? तुला रुमाल धुता येत नाही.

मुलगा : शिकव. पण मीच धुणार.

सून : बरं. आधी ओला कर, म्हणजे बुरा उडत नाही. एकदम कढत पाणी ओतू नकोस, खळ आहे, चिकटून बसेल. कोमट घे. भिजू दे, मग साबण लाव, मग ब्रश. नाकाला हा रुमाल बांध. मी तिला बघून येते.

मुलगा : आई, तू बघू नकोस हवं तर.

सासू : बघते. इथंच बसते पायरीवर. लावलास हात? वरच्यालाच आधी?

मुलगा : वरच्यालाच. मऊ पडतोय. सुटतोय, आई. पाणी पांढरं झालं.

सासू : होणारच. पीठच ते.

मुलगा : आई.

सासू : काय रे?

मुलगा : त्यांचा हात कसा लागायचा?

सासू : कोमट. सारखा त्या खळीत असायचा ना, म्हणून. आत्ता तुझा असेल तसा.