पाच वाजून एक्कावन्न मिनिटांची गोळी

जबाब, दि. १९ नोव्हेंबर

मी, लेम्पी सारेला, वय ६१ वर्षे, धंदा शाळेची बस चालवणे, राहणार टामरॅक, उत्तर मिशिगन, शेरीफ कचेरीत समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगते की, आर्वो केटोला, वय ६६, हा माझा सख्खा थोरला भाऊ असून सध्या बाहेरच्या बाकावर बसला आहे. काल संध्याकाळी त्यानं हरणावर गोळी झाडली ती मुदतीत की मुदतीनंतर, एवढाच प्रश्न आहे. मुदतीनंतरची ठरली तर त्याचा शिकारीचा परवाना तीन वर्षांसाठी जाईल. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्यानं एकही हंगाम चुकवलेला नाही. मला बंदूक धरायला त्यानंच शिकवलं.

थोडक्यात सांगा, असं साहेब म्हणाले. पण गोष्ट दुर्बिणीपासून सुरू होते, म्हणून मी तिथूनच सांगणार.

माझ्या बंदुकीवरची जुनी दुर्बीण आतून धुरकट झाल्यानं तीन आठवड्यांपूर्वी मी रूडी बेलांजे यांच्या दुकानात गेले. आर्वो न बोलावता सोबत आला. मी दोनशे डॉलरच्या वर जाणार नव्हते. आर्वोनं उन्हाळ्यात सहा ते चोवीस पटींची, चुलीच्या धुराड्याएवढी दुर्बीण अठराशेला घेतली असून तेव्हापासून तो गावाला अक्कल शिकवतो.

रूडी म्हणाले, "बाई, आपल्या जंगलात लांबचं दिसतं कुठं? तीन ते नऊ पट रग्गड झाली. पैसा आकड्यात घालू नका, काचेत घाला. आणि दुकानातल्या दिव्याखाली पारखू नका, इथं सगळ्याच देखण्या दिसतात."

म्हणून मी दिवेलागणीला तीन दुर्बिणी दुकानामागे नेल्या व झाडाखालच्या सावलीत पाहिलं. नव्वद डॉलरवाली नऊ पटींवर नेताच दुधाळ झाली. दुसरीत डोळा जरा हलला की चित्र गायब. तिसरी वापरलेली, एकशे ऐंशीची. तिच्यात झाडाखाली पडलेल्या मोडक्या गाडीचा नंबर वाचता आला. ती घेतली.

आर्वो म्हणाला, "अगं, ही दुर्बीण आहे की आजीबाईचा चष्मा?"

मी म्हणाले, "तू तुझ्यातनं चंद्रावरची हरणं मार. मला जमिनीवरची पुरेत."

काल सूर्य ५.१७ ला मावळला. शिकारीची मुदत त्यानंतर अर्धा तास, म्हणजे ५.४७ पर्यंत. वेळांचा तक्ता माझ्या टोपीत चिकटवलेला आहे. मी तेहतीस वर्षं बस चालवते. घड्याळ बघितल्याशिवाय मला शिंकही येत नाही.

५.३६ ला गाडीकडे परतताना विजेच्या तारांखालच्या मोकळ्या पट्ट्यात, मातीच्या उंचवट्यापुढे, १४० पावलांवर मोठ्या शिंगांचं हरीण दिसलं. आर्वो बुंध्यावर बंदूक टेकवून बसला. मी तीन पटींवर ठेवून पाहिलं. हरणाची मान डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे, बसच्या वायपरसारखी फिरत होती. भोवतालच्या बर्फात खुरांचा एकही ठसा नव्हता. बुटांचे मात्र जाऊन-येऊन होते. उशिरा गोळ्या झाडणाऱ्यांना पकडायला वनरक्षक यंत्रानं मान हलवणारं पेंढ्याचं हरीण उभं करतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मी म्हणाले, "आर्वो, मान बघ त्याची. आणि बुटांचे ठसे बघ. पेंढा आहे तो."

"एकशे ऐंशी डॉलरात पोटातला पेंढासुद्धा दिसतो वाटतं?"

त्यानं चोवीस पट लावली. मग त्याला हरीणच सापडेना. "कुठं गेलं? नुसत्या झाडाच्या साली दिसतायत!" त्यात पाच मिनिटं गेली. आणखी तीन मिनिटं दुर्बिणीवरची चाकं फिरवण्यात गेली. मग म्हणाला, "सापडलं! लेम्पे, एकेक केस मोजून घे!"

५.४७ ला माझ्या दुर्बिणीतली नेम धरायची काळी फुली अंधारात विरली. मी बंदूक रिकामी केली. "मुदत संपली. माझ्यात काही दिसत नाही."

"तुझी आंधळी झाली म्हणून दिवस संपला होय? माझ्यात अजून दुपार आहे!"

५.५१ ला त्यानं गोळी झाडली. हरीण पडलं नाही. त्यानं डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. चोवीस पटींवर डोळा काचेला फार जवळ न्यावा लागतो, त्यामुळे बंदुकीच्या धक्क्यानं दुर्बिणीची कड लागून आर्वोच्या भुवईवर चंद्रकोर उमटली. झाडीतून वनरक्षक आले व अदबीनं "शुभ संध्याकाळ" म्हणाले.

आज सकाळी तो माझ्याकडे आला. कॉफीत पाव बुडवत म्हणाला, "लेम्पे, पंचेचाळीस सांग. सहा मिनिटांनी कुणाचं काय जातंय?"

मी विचारलं, "बस सहा मिनिटं उशिरा नेऊन पोरांच्या आयांनाही तेच सांगू का?"

त्यानं उरलेला पाव बशीत ठेवून दिला. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. वेळ ५.५१ हीच आहे.

पेंढा ओळखला होता तर भावाला थांबवलं का नाही, असं विचारल्यावरून सांगते की, एकदा सांगितलं होतं. पुन्हा सांगायला भरपूर वेळ होता, सांगितलं नाही. तीन आठवडे माझ्या दुर्बिणीची थट्टा ऐकली होती, त्याचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं. हे माझं चुकलं. तेही लिहून घ्यावं.

एवढ्यात आर्वो बाहेरून ओरडला, "एक्कावन्न कबूल! पण गोळी कुठं लागली तेही लिहा!" त्यावरून साहेबांनी मला मागच्या अंगणात नेऊन पुराव्यासाठी आणलेलं ते पेंढ्याचं हरीण दाखवलं. भोक पुढच्या पायामागे, नेमकं काळजावर आहे. त्या उजेडात असा नेम मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. हे मी शपथेवर सांगते.

परवाना नसलेल्या माणसाला बिनबंदुकीचं सोबत येता येईल का, असं मी विचारलं. साहेब "येईल" म्हणाले. तर पुढचे तीन हंगाम भाऊ माझ्याबरोबर येईल व माझ्या दुर्बिणीतून बघेल. तसं त्याला अजून सांगितलेलं नाही.

हा जबाब मला मोठ्यानं वाचून दाखवला. तो बाहेरच्या बाकावरही ऐकू गेला. "येईन," असं भाऊ म्हणाला. अंतर १४० नसून १४२ पावलं होतं, असंही त्यानं सांगितलं. तेवढी दुरुस्ती इथं नोंदवली असून बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे व खरं आहे.

सही
लेम्पी सारेला