हवेची विहीर

मामा : मग एवढ्या बाटल्या भरून काय हाती लागलं? विहिरींतलं खराब पाणी खाणीच्या तोंडातून येतं, हे मी तुला बसल्या जागी सांगितलं असतं.

भाची : तिथेच सगळे फसले, मामा. तोंडातलं पाणी ओढ्याला जातं. खालच्या आळीतल्या विहिरींशी त्याचा काही संबंध नाही.

मामी : ऐका! बत्तीस वर्षं खाणीत मुकादमी केलीत, आणि पाण्याची वाट भाचीला कळली.

मामा : कशावरून म्हणतेस?

भाची : तोंडातल्या पाण्यात जस्त भरपूर, शिसं नावाला. विहिरींत नेमकं उलटं. मग एका सकाळी एकोणीस विहिरींची पातळी मोजली.

मामी : एकटीनं?

भाची : सायकलवर. पातळी कुठे उंच, कुठे खाली, ते नकाशावर मांडलं की पाणी कुठून कुठे जातं ते दिसतं. हे बघा, विहिरींपासून मागे गेलं की सगळ्या रेघा या उघड्या उतारावर येऊन भेटतात. शिवाय पाऊस झाला की चौथ्या दिवशी विहिरी बिघडतात. खडकातून झिरपायला वर्षं लागली असती. म्हणजे तिथे पाण्याला सरळ खाली उतरायला वाट आहे. पण खाणीच्या नकाशात तिथे काहीच नाही.

मामा : (चष्मा पुसत) आमचे सर्व्हेवाले महिनोन्महिने आत हिंडायचे, त्यांना हे सुचलं नसतं. डोकं कुणाचं घेतलंस गं?

भाची : आई म्हणते, मामाचं.

मामी : डोकं घेतलंस ते ठीक. हट्ट तेवढा घेऊ नकोस.

भाची : कौतुक नंतर करा. उद्या अहवाल द्यायचाय. जागा सापडली नाही, तर आमचं ऑफिस खाणीच्या तोंडावर काँक्रीट ओतून फाइल बंद करणार. आणि खालच्या आळीतल्या शाळेतली पोरं तेच पाणी पीत राहणार. उतार चार एकरांचा आहे. खणू कुठे?

मामी : अहो, सांगा तिला.

मामा : काय सांगू?

मामी : जे सांगायला आठ दिवस माझ्यापुढे तोंड उघडताय आणि पुन्हा मिटताय, ते.

मामा : ...तिथे हवेची विहीर होती. आतल्या माणसांना श्वास मिळावा म्हणून वरून खोदलेली. खाण बंद झाली तेव्हा ती बुजवायचं काम माझ्याकडे आलं. हुकूम चिकणमातीचा होता. मातीचे ट्रक काही येईनात. शेजारीच खाणीतून काढलेल्या टाकाऊ दगडाचा ढीग. म्हटलं, जमिनीतलं जमिनीत परत. तीन दिवसांत बुजवून मोकळा झालो. शाबासकी मिळाली. नवा नकाशा काढला, त्यात ती विहीर कुणी दाखवलीच नाही.

भाची : तोच दगड, मामा. त्याला हवा-पाणी लागलं की पाणी आंबट होतं, आणि दगडातलं शिसं त्यात उतरतं.

मामा : म्हणजे पोरांच्या पाण्यात विष मी कालवलं.

भाची : तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं?

मामा : तेव्हा नव्हतं. पण तू उतारावर पहिली रेघ ओढलीस, त्याच दिवशी मला ती विहीर आठवली. तरी आठ दिवस गप्प बसलो, वर आज खाणीच्या तोंडाचं नाव पुढे केलं, त्याचं काय?

मामी : आज बोललात ना? शाबासकी घेऊन घरी आलात, त्या दिवशीपेक्षा आज मला तुमचा जास्त अभिमान वाटतोय. उठा, बूट घाला. अजून उजेड आहे.

भाची : जागा सापडेल?

मामा : डोळे बांधून नेईन तुला. आठ फूट रुंद. सगळा दगड उपसायचा आणि चिकणमाती भरायची. ट्रक येईपर्यंत मी तिथे खुर्ची टाकून बसतो.

भाची : मामा, अहवालात जागा दाखवणाऱ्याचं नाव लागतं. तुम्हाला नको असेल, तर ‘एका जुन्या कामगाराने सांगितले’ एवढंच लिहिते.

मामा : नाव लिही, पूर्ण. आणि बुजवणाराही तोच होता, हे खाली लिही.