आगाशे मॅडमच्या ठरावातलं एक वाक्य

आदरणीय आगाशे काका, सईताई, कोथरूडच्या या सोसायटीतले आपण सगळे शेजारी, आणि ऑफिसमधले माझे सहकारी,

बोलायला उभी राहिले आहे. मी लिहून आणलेलं थोडं हातात आहे. ते मी वाचणार नाही. मघाशी आमच्या ऑफिसने लिहिलेल्या शोकप्रस्तावाचा कागद सगळ्यांच्या हातात फिरला, तो वाचल्यानंतर मला वेगळं बोलणं भाग आहे.

नीलिमा आगाशे मॅडम माझ्या पहिल्या नोकरीतल्या पहिल्या वरिष्ठ. मार्केट यार्डातल्या अडत्यांच्या गाळ्यांवर वजनाच्या पावत्या निघतात, त्या ज्या सर्व्हरवरून निघतात तो आमची कंपनी सांभाळते. म्हणजे मॅडम सांभाळायच्या. मी शिकत होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "घरात पहिली ग्रॅज्युएट ना तू?" मी हो म्हटलं. म्हणाल्या, "मग एक सवय लाव. कोणी सांगितलं म्हणून खरं धरू नकोस. मी सांगितलं तरी नाही."

मॅडमचा मशीनवरही विश्वास नव्हता. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. त्याच्या मर्यादा कमांड लिहून बदलता येतात. एका वेळी किती फायली, किती जोडण्या उघड्या राहतील, वगैरे. मॅडम म्हणायच्या, "अगं, कर्नल शहाण्या माणसासारखा वाद घालत नाही. सांगशील ते ऐकतो. म्हणून जपून."

त्यांची एक पद्धत होती. कर्नलला हात लावायचा तर एकटीने नाही. शेजारी दुसरं माणूस हवं. त्या टाइप करायच्या, मी मोठ्याने वाचायचे. आकडा आला की, "शून्यं मोजून वाच." मी मोजायचे. मग एंटर. मग तोच आकडा मशीनला परत विचारायचा, खरंच बदललास का म्हणून. एकदा मी म्हटलं, "मॅडम, घाई आहे, टाकू का?" म्हणाल्या, "घाई असेल तर रिक्षा कर. इथे टाइप करू नकोस."

आणखी एक. असा बदल दोन प्रकारे होतो. नुसती कमांड दिली, तर तो फळ्यावर खडूने लिहिल्यासारखा. मशीन बंद करून चालू केलं की पुसला जातो. फाइलमध्ये लिहिला, तर दारावर रंगवलेल्या पाटीसारखा. कितीही वेळा चालू-बंद करा, तो तिथेच. मॅडम आधी नेहमी खडूने लिहायच्या. बाजाराचा एक पूर्ण दिवस नीट गेला, तरच पाटी रंगवायची.

हे मी का सांगते आहे? कारण काही महिन्यांपूर्वी एका सकाळी मार्केट यार्डात पावत्या थांबल्या, तेव्हा फायलींच्या मर्यादेत एक शून्य कमी पडलं होतं. ट्रक दरवाजापर्यंत खोळंबले. माझे वडील तिथे हमाल आहेत, तेही त्यात अडकले होते. मॅडम रजेवर होत्या. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्या दवाखान्यात होत्या. सर्व्हर मी बंद करून चालू केला.

चूक गेली नाही. तीच मर्यादा, तेच अपुरं शून्य, परत तिथेच.

म्हणजे कोणीतरी थेट पाटी रंगवली होती. एकट्याने. कोणी वाचलं नाही, कोणी मोजलं नाही. आणि आम्हाला सांगितलं गेलं की हे आगाशे मॅडमनी केलं, कारण लॉगिन त्यांच्या नावाचं होतं. ते लॉगिन ऑफिसमध्ये आणखी काही जणांकडे होतं. अडीअडचणीला असावं म्हणून आमच्या ऑफिसच्या साहेबांनीच ते मागून घेतलं होतं. साहेब समोर बसले आहेत. चुकत असेन तर त्यांनी मला इथेच थांबवावं.

मॅडमनी परत आल्यावर एकच मागितलं. ते लॉगिन कुठल्या कॉम्प्युटरवरून झालं, एवढं काढा. उत्तर मिळालं, बघू. पुढे कळलं की त्या दिवसाच्या नोंदी जुन्या म्हणून पुसल्या गेल्या. जुन्या? त्याच्या आधीच्या महिन्यांच्या नोंदी आजही आहेत. नेमका तोच दिवस म्हातारा झाला.

मॅडम मला एवढंच म्हणाल्या, "मी केलं असतं तर तू शेजारी असतीस. होतीस का?" मी नव्हते. "मग झालं," म्हणाल्या, आणि चहाला गेल्या.

त्या आरोपामुळे त्या गेल्या, असं मी म्हणणार नाही. डॉक्टर हृदयविकार म्हणाले. त्यापुढचं मला माहीत नाही. चूक कोणी केली, तेही मला माहीत नाही. मला शंका आहे. पण शंकेवर मी कोणाचं नाव घेणार नाही, कारण मॅडमच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

आता या कागदावरचं वाक्य. "अखेरच्या काळात त्यांच्या हातून अनवधानाने झालेली चूक आम्ही मोठ्या मनाने विसरत आहोत."

सकाळी मी साहेबांकडे गेले होते. म्हटलं, हे काढा. ते म्हणाले, "अगं, चांगलंच लिहिलंय की. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" मी म्हटलं, काकांना पडतो, त्यांच्या लेकीला, सईताईला पडतो. त्यावर ते म्हणाले, "तुझं प्रोबेशन अजून चालू आहे ना?" साधी चौकशी असेल. मला ती साधी वाटली नाही.

मंडळी, शोकप्रस्तावाला हात वर करावे लागत नाहीत. कोणी विरोध विचारत नाही. आपण उभे राहतो, गप्प राहतो, बसतो, आणि ठराव मंजूर झालेला असतो. उद्या तो फ्रेम करून काकांच्या घरी जाईल. ज्या बाईने आयुष्यभर एकही आकडा दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जाऊ दिला नाही, तिच्या बैठकीच्या खोलीत तिला दिलेली माफी टांगली जाईल. आपल्या सगळ्यांच्या मौनाने.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. आज ठराव नको. तो कागद बाजूला ठेवा. आधी चौकशी होऊ द्या. नंतर खुशाल लिहा, जे खरं निघेल ते.

मॅडम, तुम्हाला कोणाच्या मोठ्या मनाची गरज नव्हती. तुम्हाला चौकशी हवी होती. माझा नमस्कार घ्या.

आता आपण सगळे उभे राहू या. कशालाही मंजुरी द्यायला नाही. फक्त आगाशे मॅडमसाठी.