जरा जुनी होऊ दे

कापूरहोळच्या थांब्यावर भोरच्या एष्टीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर दोघी बायका होत्या. त्यांची नावं मला बोलण्यातूनच कळली.

“संजीवनी, दारात नवी गाडी आन् तू एष्टीला?”

“नवी हाय म्हणूनच, अन्वरीभाभी. ह्यांचा सगळा जीव तिच्यात. सात वर्सांत ही तिसरी आणली.”

“आमची एकच, अठरा वर्सांची. काच खाली करायला हँडल फिरवावं लागतंय, पन पयल्या चावीला सुरू व्हती.”

“मग इकत का न्हाई?”

“कशाला? तिची खोड न् खोड मला ठावं हाय. मीच चालवते की. आज तेवडी पोरगा घिऊन गेलाय, म्हणून एष्टी.”

“तुमी चालवता?”

“व्हय. तू न्हाई शिकलीस?”

“दर गाडीला इचारते. हे म्हणत्यात, नवी हाय, ओरखडा पडंल. जरा जुनी होऊ दे, मग शिकवतो.”

“मग?”

“मग जुनी व्हायच्या आत इकत्यात.”

अन्वरीभाभी खो खो हसली. संजीवनी हसली नाही.

“आई हिर्डोशीला एकटी असती, भाभी. तिकडं एष्टी लई कमी. मला चालवता आली असती, तर कवाबी गेले असते.”

“रविवारी सकाळी ये माज्याकडं.”

“आन् कुठं ठोकली तर?”

“आमच्या गाडीला चारी बाजूंनी पोचे हायत. तुजा कंचा, कुणाला कळायचं बी न्हाई.”

“पन ह्यांना काय सांगू?”

“आत्ता काईच सांगू नगं. शिकलीस की गाडी चालवत दारात जा. मग सांगावं लागनार न्हाई.”

एष्टी आली. पायरीवर पाय ठेवता ठेवता संजीवनी मागं वळली.

“भाभी, सहालाच आले तर चालंल?”